बारवेजवळचं मैदान

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. एसटीत शेजारी बसलेल्या बाईला सांगते, ऑफिसात नव्यानं आलेल्या माणसाला सांगते, आणि इथंही आधी तेच सांगून टाकते, म्हणजे पुढं बोलायला मोकळी. बाप चौथीपर्यंत शिकला. आईनं शाळा बघितली ती बाहेरून, मला सोडायला आली तेव्हा. मी बी.ए. लातूरला केलं, एम.ए. नांदेडला, आणि दोन्हीकडं होस्टेलात जागा मिळाली ती मार्कांमुळं थोडी आणि खो-खोमुळं जास्त. आज मी लातुरात एका डाळ मिलच्या ऑफिसात काम करते. पगार माझ्या नावानं येतो. म्हणून मला नेहमी वाटतं, माझ्या डिग्रीच्या कागदावर कुलगुरूंच्या सहीशेजारी आमच्या गावच्या मैदानाचीही सही पाहिजे होती.

मैदान म्हणजे फार काही नाही. चाकूर तालुक्यातल्या आमच्या गावाच्या उगवतीला, शाळेच्या मागं, ग्रामपंचायतीच्या नावावरची मोकळी जागा. एका अंगाला शाळेची भिंत, एका अंगाला बाभळी आणि कोपऱ्यात बारव. बारव म्हणजे पायऱ्यांची जुनी दगडी विहीर. तिन्ही बाजूंनी पायऱ्या उतरत जातात, मधे दोन कोनाडे आहेत, तळाला पाणी. किती जुनी ते कुणालाच ठाऊक नाही. विचारलं तर लोक "निजामाच्या आधीची" म्हणतात, आणि आमच्याकडं निजामाच्या आधी म्हटलं की त्यात रामायणापासून सगळं येतं. खेळून दम लागला की आम्ही पोरी त्या पायऱ्यांवर जाऊन बसायचो. भर उन्हाळ्यात दगड गार असायचा. परकर ओला झाल्यासारखा वाटायचा, इतका गार.

मी शिकायला गेले, नोकरीला लागले, लग्न करून लातूरची झाले, आणि मागं मैदानाचं जे व्हायचं ते झालं. बारवेचा कठडा ढासळला. कुणाची शेळी पडली, कुणाचं वासरू पडता पडता वाचलं. आम्ही जिथं खांब रोवायचो तिथं लोकांनी कडब्याच्या गंजी लावल्या. संध्याकाळी पायऱ्यांवर पत्ते आणि बाटल्या सुरू झाल्या. तरी गावच्या पोरी खेळत राहिल्या, कारण खो-खोचं याड आमच्या गावाच्या पाण्यातच आहे.

त्या पोरींत माझी भाची, माझ्या भावाची मोठी लेक. गेल्या साली नववीत गेली आणि शाळेच्या संघाची कॅप्टन झाली. मला आत्या म्हणते, पण पळते माझ्यापेक्षा चांगली. ती खांबाला वळसा घालते तेव्हा खांब तिच्याकडं झुकल्यासारखा वाटतो. हे मी आत्या म्हणून नाही, खेळाडू म्हणून सांगते.

त्याच साली पोळ्याला मी माहेरी गेले होते. चुलीपुढं बसून वहिनी म्हणाली, "वन्स, एक सांगू का, दिवाळीपस्तोर खेळू द्या तिला. त्याच्या फुडं न्हाई."

"कामून? एवढी चांगली खेळती."

"चांगलीच खेळती की. मी कवा न्हाई म्हनलं? पर तुमच्या टायमाला कठडा होता. तितं कुनी पीत बसत नव्हतं. आता अंधार पडला की माजा जीव हितं लागत न्हाई. उद्या काय झालं तर तुमची डिग्री मधी येती का?"

वहिनी वाईट बाई नाही; तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते, फक्त जरा शुद्ध भाषेत. भाची दारात उभी राहून ऐकत होती. पायातले खेळायचे रबरी सोलचे बूट तिनं उगाच काढले आणि उगाच परत घातले.

आमच्या लातुरात लोकांनी मिळून एक प्रतिष्ठान उभं केलेलं आहे. त्यात डॉक्टर आहेत, आडतदार आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, पुण्या-हैदराबादला गेलेली इथलीच पोरं आहेत. ज्याला जसं जमेल तसं तो टाकतो, आणि त्यातून आसपासच्या गावांना तीन कामांसाठी मदत दिली जाते: खेळाच्या जागा, तरुण पोरापोरींचे उपक्रम आणि जुन्या वास्तू. आमच्या मिलचे मालकही त्यात आहेत. त्यांच्या टेबलावरचं पत्रक मी फाइल लावता लावता वाचलं आणि वाचतानाच मला आमचा कोपरा दिसला.

पुढच्या रविवारी मी गावात जाऊन हे सांगितलं. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर आबा होते. आबा माझे लांबचे चुलते. गावातल्या देवळाच्या कमिटीचं सगळं तेच बघतात, आणि गावात कसलाही नारळ फुटायचा असला तर तो त्यांच्याच हातानं फुटतो. त्यांनी तिन्ही कामं नीट ऐकून घेतली आणि म्हणाले, "मग त्यायला तीन गावं हिंडायची काय गरज? तिन्ही एकाच जागी हायत आपल्याकडं. या म्हनावं."

अर्ज लिहायचा मान माझ्याकडं आला. मान म्हणते, कारण ज्या ओट्यापुढं माझा बाप आयुष्यभर हात जोडून उभा राहिला तिथं मी खुर्चीवर बसून लिहीत होते आणि भोवती सगळे उभे राहून सांगत होते. आधी मैदान सपाट करायचं लिहिलं. मग आबा म्हणाले, "स्वागत कमान लिव."

"आबा, मैदानाला कमान कशाला?"

"मग लोकायला कसं कळावं आत मैदान हाय म्हनून?"

कमान लिहिली. मग कुणीतरी प्रेक्षक गॅलरी सांगितली, ती लिहिली. शेवटी बारव आली. आबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "बारवेचा जीर्णोद्धार." सगळ्यांनी माना हलवल्या. शब्द मलाही आवडला. चांगला वजनदार शब्द आहे, माझ्या एम.ए.ला शोभणारा. मी तो ठळक अक्षरात लिहिला.

इथं आमच्याकडं जीर्णोद्धार म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. आमच्या गावचं महादेवाचं देऊळ काळ्या दगडाचं. त्याचा जीर्णोद्धार झाला तेव्हा खांबांना हिरवा आणि गुलाबी ऑइल पेंट बसला, गाभाऱ्यात बाथरूममधल्यासारखी फरशी बसली, आणि नंदी पांढराशुभ्र होऊन त्याला काळे डोळे आले. सगळं गाव खूश. मीही त्या दिवशी जेवायला होते. आमच्यात एखाद्या जागेवर माया आहे हे दाखवायची रीत एकच: तिला रंग द्यायचा. घरात लग्न निघालं की रंग, देवाची जत्रा आली की रंग, पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग. ज्याला रंग नाही त्याला कुणी नाही.

अर्ज गेल्यावर दसऱ्याच्या सुमारास प्रतिष्ठानातून फोन आला. रविवारी समितीचे दोघं जण जागा बघायला येणार, रस्ता दाखवायला तुम्ही गाडीत चला. एक निवृत्त मुख्याध्यापक, आणि दुसऱ्या नांदेडच्या एक मॅडम. जुन्या इमारती दुरुस्त करणं हाच त्यांचा धंदा, असं कळलं. पोत्याच्या कापडाची पिशवी, पायात बूट, आणि बोलणं कमी. गाडी लातूर सोडते न सोडते तोच त्यांनी विचारलं, "अर्जात जीर्णोद्धार लिहिलंय. म्हणजे नक्की काय करायचा विचार आहे?"

मी म्हणाले, "म्हणजे... दुरुस्ती, मॅडम."

"रंग वगैरे नाही ना?" त्या म्हणाल्या. "मागच्या महिन्यात एका गावची बारव बघितली. पूर्ण निळी केली होती, स्विमिंग टँकसारखी. आम्हाला नाही म्हणावं लागलं. खूप वाईट वाटलं."

मी "नाही, नाही" म्हणाले. आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. वहिनीचा नंबर, पण आवाज भाचीचा.

"आत्या, तुमी कुठं हाव?"

"चाकूर ओलांडलं. काय झालं?"

"आत्या, आबा बारवेला रंग द्यायलेत."

शेजारी मॅडम. पुढं मुख्याध्यापक. मी खिडकीकडं तोंड करून हळूच विचारलं, "कोणता?"

आता रंग कोणता हे विचारून काय फायदा होता देव जाणे. भाची म्हणाली, "केशरी. पायऱ्यायला केशरी आन् कोनाड्यायला पांढरा. पेंटर आनलाय चाकूरहून. आबा म्हनायलेत पाव्हणं यायलेत, आसं बोडकं कसं दाखवायचं."

"थांबव."

"माजं कोन ऐकतंय? मी सांगून राहिले तर मनतेत, पोरीच्या जातीनं मधी बोलू नाय."

"काहीही कर. पण थांबव." मी फोन ठेवला. मॅडमनी विचारलं, "सगळं ठीक?" मी म्हणाले, "हो. घरी जरा... पाहुण्यांची तयारी चाललीय." खोटं नव्हतं.

गावात गाडी शिरली तेव्हा शाळेपाशी हलगी वाजत होती. आबांनीच लावली होती. दोन शाली, दोन नारळ, हारांची पिशवी घेऊन चार माणसं उभी. पण आबा नव्हते. त्यांचा आवाज मात्र बारवेकडून येत होता, हलगीच्याही वरून.

"उठा मनतो ना! उठता का न्हाई?"

आम्ही कडेला गेलो आणि खाली बघितलं. वरच्या चार-पाच पायऱ्या केशरी होत्या, अगदी ताज्या, उन्हात चमकत होत्या. डावीकडचा कोनाडा अर्धा पांढरा. आणि त्याच्या खालच्या प्रत्येक पायरीवर एकेक पोरगी बसली होती. उगाच बसली नव्हती. खो-खोच्या पाटीत बसतात तशी, एकीचं तोंड इकडं तर दुसरीचं तिकडं, हात जमिनीला टेकलेले, टाचा उचललेल्या. आठ जणी. सगळ्यात खाली माझी भाची. मधोमध पेंटर ब्रश धरून उभा, कुठं टेकवावा ते न कळून.

"आबा, खो दिल्याबिगर उठता येत न्हाई," भाची खालून म्हणाली. "फाउल होतोय."

"तुजा फाउल काढतो मी! आगं पाव्हणं यायची येळ झाली!"

"पाव्हणं आलेत," पेंटर म्हणाला. तो वर बघत होता.

आबांनी मान वळवली. डोक्यावर रुमाल, हातांवर केशरी डाग, अंगावर लग्नातली पैरण. क्षणभर ते गोंधळले, मग दोन्ही हात जोडून हसत पुढं आले. "या या. जरा उशीर झाला बगा, न्हाईतर समदी तयार ठिवनार होतो."

मॅडम उतरायला लागल्या. आधारासाठी त्यांनी बाजूच्या दगडावर हात टेकला. मी "मॅडम" म्हणेपर्यंत उशीर झाला होता. हात उचलला तर तळवा पूर्ण केशरी.

हलगीवाल्यानं हलगी थांबवली.

"शुभ हाय," आबा म्हणाले. "कुकवाचा हात म्हना."

मॅडमच्या तोंडावर हसू आलं आणि गेलं. त्या पायरीवर बसल्या, रंग न लागलेल्या, एका पोरीच्या शेजारी. पोरीनं सरकून जागा दिली पण उठली नाही. "आबा, तुम्ही रंग का देताय?"

"आता बगा," आबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. "ह्या बारवंतला गाळ मी काडत आलो. माज्या बापानं काडला. हितं कुनी येत न्हाई, कुनी बगत न्हाई. रंग नसला की मानसं बेवारस समजत्यात. कुनीबी येतंय, कुनीबी थुकतंय. रंग दिला की कळतंय, ह्याला मालक हाय."

मला आबांचा इतका राग आला होता गाडीत, तो तिथल्या तिथं विरला. मी बी.ए., एम.ए. करून बारवेला आठवत बसले. हा माणूस चिखलात उतरत होता.

मॅडम म्हणाल्या, "कळतंय मला. पण आबा, आम्ही जीर्णोद्धाराला मदत देत नाही."

वरती बायका उभ्या होत्या, त्यांत वहिनीही होती. खाली भाचीच्या टाचा जमिनीला टेकल्या.

"आम्ही जतनाला देतो," मॅडम म्हणाल्या.

"एकच की हो!"

"एकच आहे? जतन हा शब्द तुमच्यात कशाला वापरतात?"

आबांनी विचार केला. "बियान्याला."

"म्हणजे काय करता बियाण्याचं?"

"काय करायचं? चांगली कणसं येगळी काडायची, वाळवायची, राख लावायची, लिंबाचा पाला घालायचा आन् मडक्यात ठिवून द्यायचं. उंदीर लागू द्यायचा न्हाई, वल लागू द्यायची न्हाई."

"त्याला रंग देता?"

"देतो की!" आबा म्हणाले. "कंपनीचं बियानं गुलाबीच येतंय पिशवीत."

वरच्या बायका फिस्सकन हसल्या. मुख्याध्यापकही हसले. मॅडमही हसल्या, अगदी मनापासून. "कंपनीचं सोडा. घरचं?"

"घरच्याला कामून रंग? ते घरचंच हाय म्हनून तर..." आबा बोलता बोलता थांबले. त्यांनी पायरीवरच्या रंगाकडं बघितलं, मग स्वतःच्या हाताकडं, आणि मग पेंटरला म्हणाले, "हे निघतंय का रं?"

"वलं हाय तवर निघंल. पर आबा, लावायचं बोलनं झालंतं आपलं, पुसायचं न्हाई."

"पूस रं! दोन्हीचं धरून दीन तुला!"

पेंटरकडं टर्पेंटाइन होतं. मॅडमनी सांगितलं, तारेचा ब्रश नको, खरवडायचं नको, नुसतं फडक्यानं टिपून घ्यायचं. फडकी कुठून आणायची? आबांनी डोक्याचा रुमाल काढून दिला. बायकांनी घरून जुनी लुगडी आणली. शालींचा कार्यक्रम राहिला बाजूला, आणि आम्ही सगळे, समितीसकट, पायऱ्या पुसायला बसलो. तेव्हा कुठं भाचीनं शेजारच्या पोरीच्या पाठीवर हात मारून "खो" म्हटलं आणि एकेक करत सगळ्या उठल्या. उठताना दोघी-तिघींना मुंग्या आल्या होत्या. त्या लंगडत पळाल्या.

सगळा रंग निघाला नाही. दगडाच्या बारीक छिद्रांत थोडा राहिलाच.

पुसता पुसता मॅडम बायकांकडं वळल्या. "मैदानाला कमान लिहिलीय, गॅलरी लिहिलीय. तुम्हाला काय पाहिजे?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. असं कुणी विचारत नाही. मग वहिनी पुढं आली. पदर नीट केला, आणि पुरुषांकडं न बघता म्हणाली, "कमानीखालून पोरी काय नाचत जानार हाईत का? आमाला संडास पायजे. पोरी महिन्याचे चार दिस खेळायला येत न्हाईत, त्येनं. आन् लाइट पायजे. आन् हा कठडा. एवढं झालं तर मी कामून आडवीन माज्या लेकीला?"

मुख्याध्यापकांनी लिहून घेतलं. पुरुष जमिनीकडं बघत होते. मीही थोडी खाली बघत होते, कारण अर्ज माझ्या हातचा होता, मी त्याच मैदानावर वाढलेली बाई होते, आणि संडास माझ्याही डोक्यात आला नव्हता. आमच्या वेळी आम्ही बाभळीत जायचो. सवयीनं माणूस आंधळा होतो, पदवी असली तरी.

परत येताना गाडीत मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, खरं सांगतो, अवघड आहे. समितीत फोटो दाखवावे लागतात. रंग दिसणार." चाकूरच्या नाक्यावर... नाही, त्याच्याही अलीकडं, मॅडम फक्त एवढं म्हणाल्या, "अर्ज पुन्हा लिहून पाठवा. तुमच्या भाषेत."

पुढचा रविवार पुन्हा तोच ओटा. या वेळी आबांनी घसा साफ केला नाही. "कमान खोड," म्हणाले. "गॅलरीबी खोड. पाव्हण्यायनं बांदावर बसावं." वहिनीला मुद्दाम बोलावून आणलं होतं, तिनं उभ्याउभ्या आपलं सांगितलं. आणि बारवेपाशी आल्यावर आबा म्हणाले, "लिव, बारवंचं जतन. आन् खाली लिव, रंग देनार न्हाई. आन् माजा अंगठा... सही घे." त्यांना सही येते. ती करायला त्यांना वेळ लागतो, पण त्या दिवशी त्यांनी ती पूर्ण केली, शेवटच्या वेलांटीपर्यंत.

मग वाट बघणं. दिवाळी आली. वहिनीनं करंज्या केल्या, पण खेळाचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. पाडव्याला भाची बूट पुसत होती. पुसून झाल्यावर तिनं ते पिशवीत घातले आणि पिशवी माळ्यावर टाकली. दिवाळीपर्यंत सांगितलं होतं ना. तिनं शब्द पाळला. मला ते बघवलं नाही. मी उठून परसात गेले.

ऑफिस उघडल्यावर दुसऱ्याच दिवशी मालकांनी केबिनमधूनच हाक मारली, "तुमच्या गावाचं झालं बरं का." मी काय म्हणाले मला आठवत नाही. मालक नंतर सगळ्यांना सांगत, बाईंनी मला सरळ नमस्कार केला, देवाला करतात तसा. केला असेल. मी लगेच वहिनीला फोन लावला. सांगून होतंय तोच वहिनी फोनपासून तोंड बाजूला करून ओरडल्याचं ऐकू आलं, "अगं ए, माळ्यावरची पिशवी काड!"

काम उन्हाळ्यापर्यंत चाललं. कठडा दगडाचाच बांधला, चुन्यात. पडलेले जुने दगड पोरांनी बाभळीतून, गोठ्यांतून, एकानं तर दारापुढच्या पायरीतून काढून आणले. मैदानावर मुरूम पडला. कडब्याच्या गंजी हलल्या. त्यावरून जी भांडणं झाली ती सांगत बसत नाही. शाळेच्या भिंतीला लागून संडास झाला, आतून कडी असलेला, पाण्याची टाकी असलेला. आबांना बारवेवर संगमरवरी पाटी लावायची होती. मॅडमनी फोनवर सांगितलं, "लावा, पण संडासाला लावा, बारवेला नको." आबा दोन दिवस रुसले.

मला लोक विचारतात, एवढ्याशा मदतीनं काय होतं. पैसा देणारे इतरही असतात. पण आमच्या गावात आजवर जे कुणी काही द्यायला आले, ते आमच्यासाठी काय चांगलं ते ठरवूनच आले. हे लोक आले, पायरीवर बसले, हात रंगवून घेतले, आणि वहिनीला विचारलं. नाही म्हणायचं कारण त्यांना आम्ही स्वतःच हातात दिलं होतं, केशरी रंगाचं. तरी त्यांनी ते उचललं नाही. त्याबद्दल मी त्यांचं देणं लागते, आणि हे देणं फिटावं असंही मला वाटत नाही.

परवा मी गावी गेले तेव्हा दिवस मावळला होता. मैदानावरचा दिवा लागला होता, त्याच्याभोवती किडे. पोरी खेळत होत्या. भाची धावणारी होती. तिच्या मागं लागलेली पोरगी नवी दिसत होती, लहानशी, पण चिवट. कठड्याजवळ वहिनी उभी होती, दूध घालून आलेली, किटली हातात. भाचीची नजर तिच्यावर गेली. तिला वाटलं, आई बोलवायला आली. ती वेग कमी करून पिशवी शोधायला लागली.

वहिनीनं किटली खाली ठेवली आणि स्वतःच कठड्यावर टेकली. "पळ की," ती म्हणाली. "ती आली बग मागं."